बुडबुड्यांची भिंत

मासे हाकलणं हे माझं काम होतं. पगाराच्या कागदावर सॉफ्टवेअर इंजिनियर असं छापलेलं असायचं, पण काम मासे हाकलण्याचं. शनिवार पेठेत आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंना मी एकदा जिन्यात हे खरं खरं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "एवढी इंजिनियर होऊन? आणि पगार देतात का त्याचा?" पुढे मी कुणाला सांगायच्या भानगडीत पडले नाही. बँकेचं काम करते म्हणायचे. त्या दिवसांत पुण्यात कॉम्प्युटर शिकलेली प्रत्येक मुलगी कुठल्यातरी परदेशी बँकेचंच काम करायची, त्यामुळे पुढे कुणी काही विचारायचं नाही.

प्रकरण असं होतं. आमच्या कंपनीला एक परदेशी गिऱ्हाईक मिळू घातलं होतं. त्यांच्या तिकडच्या नद्यांमध्ये कुणीतरी फार पूर्वी बाहेरून कार्प जातीचे मासे आणून सोडले होते. ते तिथले नव्हतेच, पण माजले. तळातला गाळ उकरायचे, पाण्यातली झाडं उपटायचे, सगळं गढूळ करून टाकायचे, आणि तिथले मूळचे मासे उपाशी मरायचे. जाळी लावावी तर तिच्यात कचरा अडकतो आणि बोटींची वाट बंद होते. म्हणून त्या लोकांनी वेगळी युक्ती काढली. पाण्याच्या तळाशी भोकं पाडलेला पाइप आडवा टाकायचा आणि कॉम्प्रेसरने त्यातून हवा सोडायची. तळापासून वरपर्यंत बुडबुड्यांची भिंत उभी राहते. त्या भिंतीत पाण्याखालच्या स्पीकरमधून आवाज सोडायचा. बुडबुडे तो आवाज आपल्यातच कोंडून ठेवतात, त्यामुळे भिंतीशी कानठळ्या बसतात आणि चार हात मागे आलं की बऱ्यापैकी शांत. कार्पचा कान तिखट असतो. तो भिंतीपाशी येतो, त्याला तो गोंगाट सोसत नाही, तो मागे फिरतो. बोट मात्र खुशाल आरपार जाते.

हवा किती, आवाज कुठला आणि कधी, हे सांभाळणारा प्रोग्रॅम आमचा होता. वर कॅमेरा लावून किती मासे आले, किती वळले आणि किती पार गेले हे मोजणारा प्रोग्रॅमही आमचाच. म्हणजे माझा.

आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मला काही वाटत नव्हतं. खोटं कशाला सांगू? दहाव्याला, तेराव्याला माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मावशी म्हणाली, "रड गं बाई एकदाची, मोकळी होशील." मी प्रयत्नही केला. बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले. बादली भरून वाहायला लागली तेव्हा नळ बंद केला आणि बाहेर आले. दात काढायच्या आधी भूल देतात, मग गाल आपलाच असतो पण बोट लावलं तर दुसऱ्याचा वाटतो, तसं माझं सगळं अंग झालं होतं. ऑफिसात मी उत्तम काम करत होते. सगळे म्हणायचे, कमाल आहे हिची.

एकच गोष्ट हवी होती. त्या घरातून जायचं होतं. आईची खाट काढून ठेवलेली भिंत, औषधांच्या बाटल्यांचे कपाटावर उमटलेले गोल डाग, आणि तिच्याविषयी एक अक्षर न बोलणारे बाबा. माझ्या मॅनेजरने सांगून ठेवलं होतं, "डेमो पास झाला की काम आपलं. मग एकाला दोन वर्षं तिकडे जावं लागेल. प्रोग्रॅम तुझा आहे, तूच जाशील." तेव्हाच्या भाषेत ऑनसाइट. आमच्या ऑफिसात त्या शब्दासाठी माणसं एकमेकांना पाण्यात बघायची. मला डॉलर नको होते, मला फक्त दुसरं छत हवं होतं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते पेपरची घडी घालत होते.

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

"कधी?"

"डेमो झाला की."

"बरं," ते म्हणाले. "पासपोर्ट कपाटात आहे. आईच्या शालींखाली." आणि घडी नीट बसली नाही म्हणून पेपर पुन्हा उलगडला.

चाचणीसाठी कंपनीने धायरीला एक हौद भाड्याने घेतला होता. धायरीत तेव्हा चार मजली इमारती उगवायला लागल्या होत्या, पण मधेमधे ज्वारी उभी असायची. हौद चांगला ऐसपैस, सिमेंटचा, पूर्वी विहिरीचं पाणी साठवायला बांधलेला. मालकीणबाई पन्नाशीच्या, तंबाखू मळत बोलणाऱ्या. आम्ही हौदात मधोमध पाइप टाकला, काठावर कॉम्प्रेसर बसवला, दोन स्पीकर बुडवले आणि मोटरच्या खोलीत माझा कॉम्प्युटर मांडला. मासे बाजारातून जिवंत आणवले. आपल्याकडे कार्पला सायप्रिनस म्हणतात, तोही इथला नव्हेच, पण आपण त्याला पाळतो आणि खातो. आवाज मोटरबोटीचा होता, रेकॉर्ड करून पाठवलेला. मालकीणबाई पहिल्या दिवशी हौदावर कान लावून म्हणाल्या, "आवं ताई, ही रिक्षा कुनाची हाय? चालू का हुईना?"

रोज दोनदा, सकाळी दहाला आणि दुपारी चारला, अर्धा तास भिंत उभी करायची. गुरुवार सोडून, कारण गुरुवारी लाइट नसायची. पहिल्या दिवसापासून काम झकास झालं. आवाज सुरू झाला की स्क्रीनवरचे माशांचे ठिपके झपकन पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन एकमेकांना चिकटून उभे राहायचे. 'पार गेले' या रकान्यात शून्य. मी ते शून्य रोज संध्याकाळी मॅनेजरला कळवायचे आणि तो 'सुपर्ब' म्हणायचा.

तिसऱ्या आठवड्यात बाबा यायला लागले. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आयुष्यभर दहाच्या ठोक्याला टेबलाशी बसलेले गृहस्थ. आई होती तोवर तिचं पथ्यपाणी ही त्यांची कचेरी होती. आता घरात दिवसभर करायचं काय? एके दिवशी मी डबा विसरले, तर ते पीएमटीच्या दोन बस बदलून, चौकशी करत करत डबा घेऊन हजर. "आपण विसरलात," म्हणाले. माझ्यावर चिडले की ते मला आपण म्हणत. दुसऱ्या दिवशी मी विसरले नाही, त्यांनी डबा दिलाच नाही. "मी घेऊन येतो, गरम राहील." शनिवार पेठेतून धायरीपर्यंत बसने काय गरम राहणार? पण मी वाद घातला नाही. वाद घालायला काहीतरी वाटावं लागतं.

मग रोजच. दुपारी येत, मला डबा देत, आणि हौदाच्या पलीकडच्या काठावर कपडे धुवायचा दगड होता त्यावर बसत. चारची फेरी आटोपली की माझा रिकामा डबा घेऊन परत. आमच्या घरात मासा कधी आला नव्हता. बाबा म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा एवढ्या जवळून बघतोय. बरे दिसतात. तोंडं अगदी आमच्या सेक्शन ऑफिसरसारखी." त्यांच्याकडून आई गेल्यानंतर ऐकलेला हा पहिला विनोद. मी हसले नाही, हे मला आठवतं.

आणि मग 'पार गेले' मध्ये दोन आले. मग पाच. मग नऊ.

इथे मी काय केलं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा की प्रोग्रॅममध्ये चूक आहे. उन्हाची तिरीप बुडबुड्यांवर पडत असणार आणि माझा प्रोग्रॅम बुडबुड्यालाच मासा समजत असणार. मोटरच्या खोलीची खिडकी मालकीणबाईंनी गोवऱ्या रचून बुजवली होती. कॉम्प्रेसरचा आवाज नको म्हणून मी कानात बोळे घालून बसायचे. दार उघडून दहा पावलं चालले असते तर डोळ्यांनी दिसलं असतं. पण आम्हा प्रोग्रॅमवाल्यांची जातच तशी. आकडा चुकला तर स्क्रीनमध्ये डोकं घालायचं, बाहेर बघायचं नाही. मी दोन दिवस खपून प्रोग्रॅमला नवी अट घातली, की अमुक आकारापेक्षा लहान दिसेल ते मोजू नकोस. आकडा खाली आला. अट आणखी ताणली. पुन्हा शून्य. आपण किती हुशार आहोत असं मला वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं, ते हे.

डेमोच्या दिवशी परदेशी पाहुणा आला. उंच, उन्हाने लाल झालेला, अतिशय सभ्य माणूस. मालकीणबाईंनी चहा दिला, तो त्याने न कुरकुरता घेतला. मॅनेजर नवी टाय लावून आला होता आणि चिखलाकडे संशयाने बघत होता. चाचण्या सुरू झाल्यापासून भिंत चालू असताना मी हौदाच्या काठावर पहिल्यांदाच उभी होते. प्रोग्रॅम आपोआप चालणार होता.

चार वाजले. कॉम्प्रेसर धडधडला, बुडबुडे वर आले, तो घरघराट सुरू झाला. आणि पलीकडच्या कोपऱ्यातून मासे निघाले. पळत नव्हते. ओळीने, सावकाश, पण नेमके आमच्या दिशेने. ते थेट बुडबुड्यांत येऊन उभे राहिले आणि पाण्याबाहेर तोंडं काढून उघडझाप करायला लागले. दहा-बारा तर आरामात भिंत पार करून आमच्या बाजूला आले.

पाहुणा उकिडवा बसला. थोडा वेळ बघून म्हणाला, "हे घाबरलेले दिसत नाहीत."

समोरच्या दगडावर बाबा बसले होते. मी त्यांना आज येऊ नका म्हणायला विसरले होते. पाहुणेमंडळी बघून त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. मग पिशवीतून स्टीलची छोटी डबी काढली, उघडली, तिच्यातली कणीक चिमटीने तोडली, बोटांत गोल गोल वळली आणि पाण्यात टाकली. एकच झुंबड उडाली. दुसरी गोळी. तिसरी. सवयीचा हात होता. मासे इकडून तिकडे, तिकडून इकडे, भिंतीतून असे जात होते की जणू भिंत नव्हतीच.

मॅनेजर माझ्या कानाशी आला. "हे आजोबा कोण?"

मी म्हणाले, "माहीत नाही. मालकीणबाईंकडचे कुणीतरी असतील."

कॉम्प्रेसरच्या धडधडीत मोठ्यानेच बोलावं लागलं, आणि हौदाची रुंदी ती केवढी. बाबांना ऐकू गेलं. त्यांनी डबीला झाकण लावलं, उठले, धोतराला लागलेली माती झटकली. मॅनेजरकडे बघून म्हणाले, "मी इथलाच. सावलीला येऊन बसतो. चूक झाली असेल तर माफी असावी." आणि पाहुण्याला म्हणाले, "सॉरी, सर." तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या बापाने कुठल्या साहेबाला सॉरी म्हटलं नव्हतं, त्यापायी बढती घालवली होती. मालकीणबाई काहीतरी बोलायला पुढे सरसावल्या, तेव्हा बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या गप्प झाल्या. मग ते माझा रिकामा डबा असलेली पिशवी घेऊन बसस्टॉपकडे चालायला लागले. मी बघत उभी राहिले. हाक मारली नाही.

पाहुणा खरंच चांगला माणूस होता. आरडाओरडा नाही, काही नाही. म्हणाला, कार्प शिकतो हे आम्हाला ठाऊक होतं, आवाज म्हणजे जेवण असं तो इतक्या लवकर शिकेल हे नव्हतं. हे मासे आता कामाचे नाहीत. नवे आणा, हौदाजवळ कुणाला फिरकू देऊ नका, तीन आठवड्यांनी पुन्हा बघू. तो गेल्यावर मॅनेजरने माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "मग तुझे शून्य कुठून येत होते?" मी अटीचं सांगितलं. त्याने टाय सैल केली. मग म्हणाला, "अगं, एकदा बाहेर येऊन बघायचंस की."

घरी आले तेव्हा बाबा विळीवर दुधी चिरत होते. हौदाचा विषय नाही. चहा घेणार का, म्हणाले. त्या 'चहा घेणार का'ने माझं डोकं फिरलं.

"मुद्दाम केलंत ना?"

"काय?"

"मी जाऊ नये म्हणून. सरळ सांगायचं होतं, जाऊ नकोस. हे असले उद्योग कशाला?"

त्यांनी दुधी बाजूला ठेवला. "अगं, माशांना शिकवता येतं हे मला काय माहीत? मला तुला कधी काही शिकवता आलं नाही." मग म्हणाले, "एवढा गोंगाट सुरू झाला की ते कोपऱ्यात थरथरत उभे राहायचे. बघवेना. म्हणून त्याच वेळी दोन गोळ्या टाकायचो. सुरुवातीला लांब, मग जवळ यायला लागले."

"पण कणीक न्यायचीच कशाला?"

"उरते."

"रोज?"

"रोज."

"मग कमी मळा! दोन माणसांना लागते किती?"

त्यांनी दुधीच्या फोडी ताटात सारल्या. मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. तेव्हा ते विळीकडे बघत बोलले. "माझ्याकडे तीन माणसांचंच प्रमाण आहे. शेवटच्या महिन्यात तिने मला पोळ्या शिकवल्या. खाटेवरून सांगायची, मी परात तिच्यासमोर घेऊन बसायचो. तीन सपाट वाट्या कणीक, एक वाटी आणि वर थोडं पाणी, चमचाभर तेल. दोघांचं काही तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर का विचारतोय ते तिला कळलं असतं."

बाहेर कुणाच्या तरी घरी बातम्या लागल्या होत्या.

"तिसऱ्याच्या पोळ्या लाटायला हात होत नाही," बाबा म्हणाले. "कणीक टाकवत नाही. म्हणून माशांना." आणि मग, अगदी कचेरीतली चौकशी करावी तशा आवाजात, "तू गेल्यावर एकट्याला किती घ्यायची, तेवढं जरा कुणाला तरी विचारून ठेव. पाण्याचंसुद्धा."

मला ठाऊक नव्हतं. मला पोळी यायचीच नाही. महिनाभर ते दोघे त्या परातीवर बसत होते तेव्हा मी ऑफिसात होते, रात्री येऊन आयती खात होते, आणि पोळ्या कोण करतंय हेही मी विचारलं नव्हतं. मला तेव्हा लाज वाटली असं लिहायला आवडेल. तेवढीही वाटली नाही. आत कुठेतरी काहीतरी लागलं, पण भुलीतून लागतं तसं, फक्त दाब. आणि तोंडातून काय आलं? "उद्यापासून तिकडे येऊ नका."

"नाही येत," बाबा म्हणाले आणि दुधी उचलला.

दोन दिवसांनी जुने मासे काढायचे होते. मी जाळं टाकणाऱ्या माणसांची चौकशी केली, तर मालकीणबाई म्हणाल्या, "जाळं कशापायी? तुमचं यंत्र लावा की. आपसूक येत्यात." दोन पाट्या घेऊन त्या काठावर बसल्या. बटण मीच दाबलं. घरघर सुरू झाली आणि ते आले, सगळेच्या सगळे, तोंडं वर करून. मालकीणबाई पाटी बुडवायच्या आणि उचलायच्या. एकही निसटला नाही. पाव तासात हौद रिकामा झाला. बाजारात न्यायला टेंपो थांबलाच होता.

पदराला हात पुसत त्या माझ्याजवळ आल्या. "ताई, एक बोलू? बापाला वळखत न्हाई म्हनलात त्या दिशी. म्या ऐकलं. तुमची नोकरी तुम्हास्नी लखलाभ, पर मला त्यो घास उतरंना." मी कॉम्प्युटर बंद करायला वळले. "आन् ह्या माशांचं त्यास्नी सांगू नगा," त्या म्हणाल्या. "लई जीव लावला हुता."

संध्याकाळी बाबांनी विचारलंच. "त्या माशांचं काय केलंत?"

"सोडले. कॅनॉलमध्ये."

"हे बरं केलंस," ते म्हणाले. परका मासा वाहत्या पाण्यात कधी सोडायचा नाही, हा माझ्या धंद्याचा पहिला नियम. सगळा घोटाळा जगभर तिथूनच सुरू झाला. बाबांनी मला त्याच गोष्टीची शाबासकी दिली आणि ती मी घेतली. माफी मात्र मागितली नाही. हौदाच्या काठावर मी काय बोलले हा विषय आमच्यात पुढे कधीच निघाला नाही. त्यांनी काढला नाही म्हणून मी काढला नाही, असं मी स्वतःला सांगत आले आहे.

नवे मासे आले. हौदाभोवती हिरवं कापड बांधलं. मी प्रोग्रॅममधली ती अट काढून टाकली आणि रोज दोन्ही वेळा काठावर उभी राहिले. मासे कोपऱ्यात थरथरत उभे राहायचे. बाबा म्हणाले होते ते खरं होतं, ते थरथरतात. मला स्क्रीनवर कधी दिसलं नव्हतं. दुसरा डेमो पास झाला. पाहुण्याने हात मिळवला. मॅनेजरने चार दिवसांत पत्र हातात दिलं: पंधरवड्यात निघायचं. घरी येऊन पत्र बाबांसमोर ठेवलं. त्यांनी ते हेडक्लार्कच्या नजरेने वाचलं, एके ठिकाणी स्वल्पविराम चुकलाय म्हणाले, आणि परत दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून स्वयंपाकघरात गेले. बाबा ओट्याशी उभे होते. धोतरावर पीठ, चष्म्यावर पीठ. परात धुऊन उपडी ठेवलेली. शेजारी एकच वाटी, आणि ताटलीत चार पोळ्या.

"जमलं," ते म्हणाले. मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही. "समोरच्या काकूंना विचारलं. एक वाटी कणीक, पाणी अर्धी वाटी, तेही जपून. चार होतात. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. उरत काही नाही."

मी त्या चार पोळ्यांकडे बघितलं. एक जरा करपली होती, बाकीच्या चांगल्या गोल होत्या. आणि मला रडू फुटलं. आई गेल्यावर पहिल्यांदा. साधंसुधं नाही, भोकाड. ओट्याला धरून, तोंडातून विचित्र आवाज काढत, लहान मुलासारखी रडत सुटले. आई, आई असं म्हणत होते बहुतेक. सगळं एकदम दुखायला लागलं, भूल उतरल्यावर दुखतं तसं, जागोजागी.

बाबा गडबडले. त्यांनी पिठाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला, मग केसांना पीठ लागतंय म्हणून उचलला, मग पुन्हा ठेवला.

"काय झालं? कच्च्या आहेत का?"

मी मान हलवली. नाही.

"मग खा," ते म्हणाले. "गार होतील."

दोन त्यांनी माझ्या ताटात वाढल्या, दोन स्वतः घेतल्या. आम्ही खाली बसून, साखरआंब्याशी खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. पंधरा दिवसांनी मी गेले.